वहिनी, "काही फरक?" न विचारल्याबद्दल

ती. वहिनींस, सा. नमस्कार.

समोर बसवून आभार मानले असते, तर "काय हे भाऊजी, परक्यासारखं" म्हणत तुम्ही कुकर लावायला उठला असता. म्हणून इथे, चार लोकांसमोर लिहितोय.

एस्सिटालोप्राम या नैराश्यावरच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे, पुरता यायला सहा-आठही लागतात, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. डोक्यात शिरलं ते तुम्ही सांगितल्यावर. वॉर्डातल्या पेशंटला सांगता तसंच सांगितलंत: आधी त्रास, मग गुण. मळमळेल, तोंडाला कोरड पडेल, बेचैनीही थोडी वाढेल, मग ओसरेल. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर औषधाचा परिणाम काही तासांत सुरू होतो, पण मेंदू त्याला सरावायला आठवडे घेतो. त्यामुळे पोटात ढवळायला लागलं तेव्हा घाबरलो नाही. गोळी नाश्त्यानंतर घ्यायला लावलीत, त्याचाही उपयोग झाला.

पण खरे आभार वेगळ्याच गोष्टीचे. घरात जो तो रोज विचारायचा, "काही फरक?" मायेनेच विचारायचे, पण दर वेळी "नाही" म्हणताना गोळीवरचा विश्वास थोडा उडायचा. तुम्ही ते कधीच विचारलं नाहीत. तुमचे प्रश्न वेगळे: पहाटे कितीला जाग आली? भाकरी एक गेली की दीड? झोप-भूक बऱ्याचदा आधी सुधारते, मन मागून येतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. मन तसंच काळवंडलेलं असतानाही "आज चारऐवजी साडेपाचला जाग आली" एवढं मला सांगता यायचं.

आत्याबाई म्हणाल्या, "सवय लागते, सोडून दे." तुम्ही म्हणालात, "तुम्ही बीपीची कधी सोडताय?" कमाल! नंतर मला बाजूला घेऊन बजावलंत, की याचं व्यसन लागत नाही, पण आपल्या मनाने एकदम थांबवली तर चक्कर येते, चिडचिड होते. कमी करायची ती डॉक्टरांनीच.

आणि फ्रिजवर चिकटवलेला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, १४४१६. "जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?" असं सरळ विचारणाऱ्या तुम्ही एकट्याच. "वाटलं तर मला उठवा. मी नाइटला असले तर दादांना उठवा, आणि हा नंबर लावा, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात." मी उठवलं होतं. तुम्ही चहा टाकलात आणि उजाडेपर्यंत बसून राहिलात.

बरं वाटल्यावरही गोळी निदान सहा महिने चालू ठेवायची आहे. पुढच्या तारखेला डॉक्टरांकडे मी एकटा जाईन. तुम्ही ड्यूटी बदलून घेऊ नका.

तुमचा,
भाऊजी