कडब्यालाही तारण कर्ज मिळावं

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वसंतावर दोन पानं आली होती. पळस, पांगारा, आंब्याचा मोहोर, सगळंच मन प्रसन्न करणारं. माझ्या सुनेनं त्यातली चित्रं कापून भिंतीला लावली आहेत. मी आटपाडी तालुक्यातली. घरी दोन देशी खिल्लार गाई, एक जर्सी संकरित गाय, एक बैलजोडी आणि दोन वासरं. लग्न होऊन आले तेव्हापासून दावणीचं काम माझ्याकडं आहे. पुरवणीतला वसंत रानातला होता. गोठ्यातल्या वसंताबद्दल कुणीतरी लिहायला हवं असं वाटलं म्हणून हे पत्र. त्याला जोडून एक मागणी आहे, कडब्यावर, म्हणजे ज्वारीच्या वाळलेल्या ताटांवर, तारण कर्ज मिळावं. तीही आपल्या वृत्तपत्रातून वरपर्यंत जावी ही विनंती.

महाशिवरात्र झाली की जनावरांच्या अंगावरचे थंडीतले केस झडायला लागतात. खरारा फिरवला की पुंजके निघतात आणि खालून नवी कांती दिसते. खिल्लाराचा पांढरा रंग वर्षभरात सगळ्यात उजळ दिसतो तो याच दिवसांत. पहाटेची धार अजून गारव्यात निघते, पण दहा वाजले की गोठ्याचा पत्रा तापतो आणि जनावरं झाडाखाली हलवावी लागतात. कडुलिंब तेव्हा पानं गाळत असतो, त्याच्याखाली सावली विरळ, म्हणून चिंचेखाली बांधायची. थंडीत दिवसातून दोनदा पाणी पिणारी गाय आता दुपारीही हंबरून मागते.

ऊब वाढली की गोचीडही वाढतो. कानाच्या आत, कासेच्या सांध्यात, शेपटीखाली रोज हात फिरवून बघावं लागतं. नुसतं अंगावरचं गोचीड काढून भागत नाही, कारण मादी खाली उतरून भिंतीच्या फटीत अंडी घालते. त्यामुळं आमच्याकडं होळीच्या आत गोठ्याच्या दगडी भिंतीतल्या फटी बुजवायच्या आणि वरून चुना मारायचा. खिल्लार गाय थोडंफार गोचीड सोसते. संकरित गाईला त्यातून येणारा ताप फार लवकर आडवं करतो. आमच्या आळीत दर उन्हाळ्यात एखादी तरी गाय त्यापायी जाते, आणि ती बहुतेक वेळा घरातली सगळ्यात जास्त दूध देणारी असते.

आणखी एक सांगायला हवं. या दिवसांत अवकाळी पाऊस पडला की कापून काढलेल्या शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, खोडांना नवा फुटवा येतो. हिरवं दिसलं की जनावर तिकडंच ओढतं. त्या कोवळ्या फुटव्यात विष असतं. आम्ही किराळ लागली म्हणतो. जनावर थरथरतं, तोंडाला फेस येतो आणि डॉक्टर येईपर्यंत वेळ उरत नाही. वाळलेल्या कडब्यात हा धोका नाही. गुरं राखायला पाठवलेल्या मुलांना ही गोष्ट आधी सांगून ठेवावी. माणूस शहरात जाऊन परत आलेला असला तर त्यालाही सांगावी.

पण गोठ्यातला वसंत खरा ठरतो तो कडब्यावर. फाल्गुनात आमच्या परातीतल्या भाकरीचाही हिशोब होतो आणि दावणीचाही. रब्बीचा शाळू उपटायचा, आळे बांधून पेंढ्या करायच्या, कणसं मोडायची, मळणी करायची आणि कडबा गंजीला लावायचा, म्हणजे पेंढ्यांचा उंच ढीग रचायचा. गंज लावणं हे येरागबाळ्याचं काम नाही. खाली दगड मांडायचे, त्यावर बाभळीच्या काट्या, म्हणजे वाळवी आणि ओल वर चढत नाही. पेंढीचा बुडखा बाहेर, शेंडा आत. वर जाता जाता गंज निमुळती करत न्यायची आणि माथा असा बांधायचा की वळवाचं पाणी आत न शिरता बाजूनं निघून जाईल. माझे सासरे गंज लावत तेव्हा शेजारच्या गावातून माणसं बघायला येत. त्यांनी लावलेल्या गंजीतला कडबा आषाढातही वासाला गोड असायचा.

हा कडबा मालदांडीचा असला तर बघायलाच नको. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेलं मालदांडी ३५-१ हे वाण आमच्या भागात तीन-चार पिढ्या पेरलं गेलं ते भाकरीइतकंच कडब्यासाठी. ताट उंच, पान रुंद, चवीला गोड. जनावर बुडख्यापर्यंत खातं, गव्हाणीत उष्टं राहत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हालाही आनंद झाला. पण मानांकन दाण्याला आहे. दावणीला बांधलेलं जनावर त्या ताटावर जगतं, त्या ताटाचा विचार कुणी केलेला मला दिसला नाही.

शाळू आता कमी होत चालला आहे. उपटायला माणूस मिळत नाही. कंबर वाकवून दिवसभर ताटं उपटायची, पानांनी हात कापून घ्यायचे, हे काम तरुण माणसं करत नाहीत आणि मी त्यांना दोष देणार नाही. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आल्यावर ज्याला जमलं त्यानं ऊस लावला, डाळिंब लावलं. पाणी आलं याचा मला मनापासून आनंद आहे. पाण्यासाठी आमच्या तालुक्यानं काय सोसलंय ते मी बघितलंय. फक्त एक झालं. उसाबरोबर वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आले आणि लोक म्हणू लागले, आता वैरणीची काय चिंता? वाढे असतात ते कारखाने चालू असेपर्यंत. गाळप मार्च-एप्रिलात आटोपलं की ते बंद होतात, म्हणजे नेमकं ऊन चढायला लागतं तेव्हाच. शिवाय वाढ्यात ऑक्झॅलेट असतं, ते जनावराच्या अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. नुसत्या वाढ्यावर ठेवलेली दुभती गाय हाडं दाखवायला लागते, माजावर येत नाही. आमच्या पशुवैद्यकांनी वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडायला आणि खनिज मिश्रण द्यायला सांगितलं, तेव्हापासून माझ्या गाईंना फरक पडला. तरी कडब्याची जागा वाढे घेऊ शकत नाहीत.

आता मूळ गोष्टीकडं येते. ज्यांनी शाळू केला आणि ज्यांच्याकडं फाल्गुनात गंज लागली, त्यांच्याही गंजी चैत्रात जागेवर दिसत नाहीत. ट्रक रानात येऊन उभे राहतात आणि कडबा भरून निघून जातो. याचं कारण ३१ मार्च. गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज त्या तारखेच्या आत भरलं तर व्याजाची सवलत मिळते, नाही भरलं तर सवलत जाते आणि पुढचं कर्जही अडतं. हातात रोख पैसा नसतो. दाणा घरी खायला लागतो. विकण्यासारखं एकच राहतं, ते म्हणजे कडबा. सगळ्यांनी एकाच पंधरवड्यात विकायला काढल्यावर भाव पडणारच. व्यापारी त्याच वेळेची वाट बघत असतो, आणि त्यात त्याचंही काही चुकत नाही, तो त्याचा धंदा करतो. मग वैशाख-ज्येष्ठात तेच घर दुप्पट भाव देऊन कडबा शोधत फिरतं. मी स्वतःच्या रानातली वैरण मार्चमध्ये गेलेली आणि मे महिन्यात तसलीच दुसऱ्याच्या टेम्पोतून उतरलेली बघितली आहे. ज्याला दुप्पट भाव परवडत नाही तो रविवारी सांगोल्याच्या बाजाराची वाट धरतो. उन्हाळ्यात वैरण नसलेला माणूस जनावर विकायला आलाय हे घेणाऱ्याला दुरून कळतं. भाव तिथंच पडतो.

दुधाचंही तसंच होतं. गाईच्या दुधाला दर मिळतो तो साडेतीन टक्के फॅट आणि साडेआठ टक्के एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, धरून. वैरण तुटली आणि ऊन वाढलं की एसएनएफ खाली येतं आणि संकलन केंद्रावर दर कापला जातो. दूध कमी आणि दरही कमी, अशा महिन्यांत घर चालवायचं असतं. बाईचं घर दुधाच्या दहा दिवसांच्या बिलावर चालतं, हे मी माझ्या गावातल्या सगळ्या बायांच्या वतीनं लिहिते.

शासनाला वैरण आठवत नाही असं मी म्हणणार नाही. दुष्काळात २०१२-१३ ला चारा छावण्या झाल्या, २०१८-१९ ला झाल्या. २०१८ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, पुढं छावण्या उघडल्या. छावणीनं आमची जनावरं वाचवली, ते उपकार मी विसरणार नाही. माझी दोन जनावरं त्या उन्हाळ्यात छावणीतच होती. मोठ्या जनावरामागं दिवसाला ९० रुपये अनुदान होतं, मे २०१९ मध्ये ते १०० झालं. पण छावणी म्हणजे माणसानं घरदार सोडून जनावराच्या पायाशी झोपणं. मुलांची शाळा, म्हाताऱ्यांची औषधं सगळं विस्कटतं. आणि शंभर रुपयांचा हिशोब केला तर त्याच पैशात फाल्गुनात त्या जनावराच्या किती दिवसांच्या पेंढ्या आल्या असत्या ते कुठलीही शेतकरी बाई बोटावर मोजून सांगेल. टंचाईच्या वर्षी जिल्ह्याबाहेर चारा नेण्यावर बंदीही येते. ती येते तोवर बहुतेक चारा गेलेला असतो, आणि ज्याच्याकडं थोडा उरलेला असतो त्याच्या चाऱ्याचा भाव बंदीनं पाडला जातो.

म्हणून माझी मागणी आहे. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. शेतकऱ्यानं तूर, सोयाबीन, हरभरा बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, त्यावर सहा टक्के व्याजानं सहा महिन्यांसाठी कर्ज घ्यायचं आणि भाव आला की माल विकून फेडायचं. त्या यादीत ज्वारीचा दाणा आहे. कडबा नाही. तो यादीत घ्यावा. ३१ मार्चला ज्याला पैशाची नड आहे त्याला गंजीवर उचल मिळाली तर तो गंज मोडणार नाही. कडबा गावात राहील. जूनमध्ये पाऊस बघून त्याला ठरवता येईल की किती ठेवायचा आणि किती विकायचा.

मला माहीत आहे, कुणी म्हणेल की कडबा गोदामात मावत नाही, जळतो, मोजता येत नाही. मोजायचं म्हणाल तर आमच्याकडं शेकड्यावरच, म्हणजे शंभर पेंढ्यांच्या हिशोबानंच, व्यवहार होतो आणि गंज लावतानाच पेंढ्या मोजल्या जातात. तेव्हा ग्रामपंचायतीचा माणूस आणि सोसायटीचा सचिव उभा राहिला तर पंचनामा तिथंच होईल. गोदामाची गरज नाही, गंज ज्याच्या रानात आहे तिथंच राहू दे. जळण्याचा धोका मात्र खरा आहे आणि त्यावर मी सगळ्यात जास्त विचार केलाय. गंज जळते ती बहुतेक बांध पेटवण्यामुळं. उन्हाळ्याच्या तोंडाला लोक बांधावरचं वाळलेलं गवत पेटवून देतात, वारं सुटतं आणि दोन रानं ओलांडून आग गंजीला लागते. वीजवाहक तारांखाली लावलेल्या गंजींवर ठिणगी पडते. तारेपासून आणि बांधापासून लांब, एकमेकींत अंतर ठेवून गंजी लावल्या तरच कर्ज आणि विमा मिळेल असा नियम केला तर लोक आपोआप शिस्त पाळतील. आज गंज जळाली तर पंचनामा होतो, मदतीसाठी तलाठ्याकडं हेलपाटे घालावे लागतात आणि जनावरं तोवर उपाशी असतात.

तारण कर्ज येईपर्यंत गावानंही करण्यासारखं आहे. ज्यांच्याकडं गहू आहे त्यांनी काड जाळू नये. शंभर किलो काडाला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि हवाबंद करून तीन आठवडे झाकायचं, मग ते जनावर आवडीनं खातं आणि त्याची पौष्टिकताही वाढते. हे मापात करावं, युरिया जास्त झाला तर विषबाधा होते, आणि लहान वासरांना हा चारा घालू नये. आमच्या बचत गटातल्या बायांनी पंचायत समितीच्या लोकांकडून हे शिकून घेतलं आहे. मक्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा, तोही काहीजणी करतात, पण त्याला कुट्टी यंत्र आणि पिशव्यांचा खर्च आहे, दोन जनावरांवाल्या बाईला तो एकटीनं झेपत नाही.

संपादक महाशय, आपल्या हातातली एक गोष्ट आहे. आपण रोज बाजारभावाचं कोष्टक छापता. त्यात कांदा असतो, तूर असते, सोनं-चांदी असते. फाल्गुन ते ज्येष्ठ एवढे चार महिने त्यात सांगोला, मंगळवेढा, जत, आटपाडी इथला कडब्याचा शेकडा भाव छापावा. रानात ट्रक घेऊन आलेला व्यापारी जो भाव सांगतो तोच सध्या आम्हाला माहीत असतो. शेजारच्या तालुक्यात त्या दिवशी काय भाव चालला आहे हे पेपरात असलं तर माझ्यासारखी बाई त्याच्यासमोर पेपर धरून बोलेल. या वर्षीचा शाळू अजून पुष्कळ रानांत उभा आहे, गंजी लागायच्या आहेत, तोवर हे सुरू करता आलं तर फार बरं होईल.

आपली नम्र,
एक पशुपालक वाचक
ता. आटपाडी, जि. सांगली