तात्यांच्या टीव्हीला केबल की डिश?

पुणे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तात्यांनी ४३ इंची टीव्ही घेतला हे वाचून फार बरं वाटलं. आयुष्यभर छोट्या पडद्यावर क्रिकेट बघितलेल्या माणसाला आता सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक चेहऱ्याने ओळखता यावा, असं मलाही मनापासून वाटतं. म्हणून ‘केबल बरी की डिश’ याचं उत्तर फोनवर न देता सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट पक्की धर. चित्र तारेतून आलं की आकाशातून, यावर त्याचा दर्जा ठरत नाही. ते पाठवताना किती दाबलंय, म्हणजे त्यातली माहिती किती कमी केलीय, यावर ठरतो. एचडीच्या एका चित्रात १९२० गुणिले १०८० ठिपके असतात, साध्या चॅनेलच्या ७२० गुणिले ५७६ च्या बरोबर पाचपट. स्टुडिओतल्या तारेतून हा एचडी सिग्नल सेकंदाला सुमारे १.५ गिगाबिट, म्हणजे दीड हजार मेगाबिट, इतका धावतो. तेवढा जसाच्या तसा घरोघरी पोचवणं कुणालाच परवडणारं नाही. तो दाबून दाबून काही मेगाबिटांवर आणतात, तेव्हा कुठे तो तात्यांच्या खोलीत येतो.

डिशचं चित्र थेट आकाशातून येतं म्हणून ते शुद्ध, असं बरेच जण मानतात. तसं नाही रे. डिश कंपनी काय किंवा केबलची कंट्रोल रूम काय, दोघंही चॅनेलवाल्यांचा सिग्नल आधी उतरवून घेतात आणि बहुतेक वेळा आपल्याकडच्या जागेच्या हिशेबाने पुन्हा दाबून पुढे सोडतात. उपग्रहावरची जागा मोजकी आणि महाग. शिवाय सुमारे ३६,००० किलोमीटरवरून येईतो सिग्नल क्षीण झालेला असतो, म्हणून त्यात माहिती जरा सैलच भरावी लागते. केबलचा सिग्नल तारेत सुरक्षित असल्यामुळे तिथे ८ मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यात, म्हणजे सिग्नलच्या एका वाटेत, सेकंदाला ३८ मेगाबिट बसवता येतात, आणि एका तारेत असे कितीतरी पट्टे. कागदावर केबलचं पारडं जडच आहे. पण एसटीत तिघांच्या बाकावर ‘जरा सरकून घ्या’ म्हणत चौथा-पाचवा बसवावा, तसे एकेका पट्ट्यात चॅनेल कोंबले जातात, आणि डिशवालेही तेच करतात. ज्याने कमी कोंबले, त्याचं चित्र चांगलं. त्यामुळे एका गावातली केबल डिशला मागे टाकते, तर शेजारच्या गावातली बघवत नाही.

हे ओळखायचं कसं? मालिका बघून अजिबात कळणार नाही. दोन माणसं सोफ्यावर बसून बोलताहेत, मागची भिंत हलत नाही, असं चित्र कितीही दाबलं तरी साजरं दिसतं. परीक्षा होते ती सामन्यात. चेंडू सीमेकडे जातो आणि कॅमेरा त्याच्यामागे वळतो, त्या क्षणी गवताकडे बघ. पातं न् पातं दिसतंय, की हिरवा लगदा होऊन त्यात चौकोन उमटताहेत? विसर्जन मिरवणुकीचं थेट प्रक्षेपण तर त्याहून कठीण. उडणारा गुलाल, हलणारी गर्दी, पाण्यावरचा उजेड, सगळंच क्षणाक्षणाला बदलतं. तिथे काटकसर लपत नाही.

आता पाऊस. चिपळूणच्या माणसाला तो टाळून कसं चालेल? तात्या म्हणतात की पावसात डिशचे रंग फिके पडतात. तसं होत नाही. पूर्वी ॲनालॉग केबलवर सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, त्यावरून झालेला हा समज आहे. मुंबईत केबल डिजिटल करायची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ होती, पुण्यात ३१ मार्च २०१३. तुमच्याकडे ते त्याहून उशिरा आलं. डिजिटल सिग्नल पुरेसा असेतो चित्र जसंच्या तसं राहतं, अगदी काठावर आला की चौकोन पडतात, आवाज तुटतो, आणि मग पडदा काळा. म्हणून मोठी छत्री लावून चित्र अधिक रेखीव होत नाही, ते फक्त पावसात जास्त वेळ तग धरतं. डिशचा सिग्नल ज्या लहरींच्या पट्ट्यातून येतो, त्या केयू बँडची तरंगलांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते. केबलच्या कंट्रोल रूमच्या मोठ्या छत्र्या सहसा सी बँड या दुसऱ्या पट्ट्यावर असतात, तिथे ती सातेक सेंटिमीटर. तरंग आखूड असला की पाऊस त्याला जास्त गिळतो. अर्थात केबललाही कोकणातला पाऊस सोडत नाही. माडाची झावळी पडून तार तुटते किंवा वाटेत सिग्नल वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरची वीज जाते, आणि मग माणूस येईपर्यंत थांबावं लागतं. डिश मात्र सर ओसरली की आपोआप परत येते.

घरातलं काम अगदी साधं, पण तिथेच सगळं बिघडतं. बॉक्स एचडीच हवा आणि तो एचडीएमआय वायरनेच जोडायला हवा; पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही. १ फेब्रुवारी २०१९ पासून चॅनेल आपण निवडतो, तेव्हा स्टार प्रवाह, झी मराठी आणि खेळाचे चॅनेल एचडीतलेच घे. साधा चॅनेल ताणून पडदाभर केला की सगळे नट जाडे दिसतात. आणि तात्यांची खुर्ची पुढे ओढ. एवढ्या पडद्यावर एचडीचा बारकावा साधारण पाच-सहा फुटांवरून नीट कळतो, पार मागच्या भिंतीपाशी बसून नाही.

माझं मत विचारशील तर, तुमच्या केबलवाल्याकडे खरा एचडी बॉक्स असेल आणि त्याचं गवत स्वच्छ दिसत असेल, तर केबलच घे. जून ते सप्टेंबर सामना मध्येच गेला तर तात्यांचा जीव किती खालीवर होतो, हे मला ठाऊक आहे. गवतात चौकोन दिसले तर मात्र बिनदिक्कत डिश घे. त्या वेळी घराच्या आग्नेयेला, म्हणजे दक्षिण-पूर्वेला, आकाश मोकळं आहे ना, फणसाचं झाड आड येत नाही ना, हे आधी बघ. शेजाऱ्यांची केबल आणि तुझ्या मामांची डिश, दोन्हीकडे एकाच सामन्याची काही षटकं बघून ये आणि पैसे भरायच्या आधी मला कळव.

काकूंना आणि तात्यांना नमस्कार सांग.

तुझाच,
जिवलग