दादाच्या लिव्हरबद्दल

पुणे, बुधवार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

दादाचे रिपोर्ट पाहिले. ट्रान्सप्लांटची वेळ येईल का, असं तू विचारलंस. ट्रान्सप्लांट सेंटरला दाखवायची वेळ आलेली आहे, ऑपरेशन कधी ते तिथे ठरेल. लोक या दोन गोष्टींत गल्लत करतात आणि चार महिने घालवतात. मग पेशंट जातो तो अंगात इन्फेक्शन, किडनी बसलेली आणि दंडाचं मांस उतरलेलं अशा अवस्थेत. तेव्हा सर्जनच नको म्हणतात.

आकडा कसा निघतो ते बघ. बिलिरुबिन (काविळीचं रंगद्रव्य), आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) आणि क्रिएटिनिन (किडनीचं माप) या तिन्हींवरून 'मेल्ड' स्कोअर काढतात, लिव्हर किती बिघडलंय ते तो दाखवतो. तो 6 पासून 40 पर्यंत असतो. दादाचे आकडे 4.2, 1.9 आणि 1.3, म्हणजे स्कोअर 22. त्याचं सोडियम 128 आहे. तेही धरलं तर स्कोअर 27 वर जातो. ढोबळ मानाने 15 च्या पुढे ट्रान्सप्लांटचा फायदा ऑपरेशनच्या धोक्याहून मोठा ठरतो. तेव्हा 'कावीळ डोळ्यांत फारशी दिसत नाही' याला काही अर्थ नाही.

दारूचं सेंटरमध्ये लपवू नका. लघवीच्या एका तपासणीत दोन-तीन दिवसांपूर्वीची दारूही कळते आणि खोटं सापडलं की नाव मागे पडतं. सहा महिने बंद हवी, असं म्हणतात त्यामागे एक कारण आहे. दारू सुटल्यावर काही लिव्हर इतकी सावरतात की ट्रान्सप्लांट टळतं. पण हा नियम दगडावरची रेघ नाही. समुपदेशकाचं मत आणि घरचा आधार पाहून आता लवकरही विचार होतो.

आता तुझं 'मीच देतो'. रक्तगट जुळतो: दादा बी, तू ओ. पॉझिटिव्ह-निगेटिव्हला इथे महत्त्व नाही आणि किडनीसारखं टिश्यू मॅचिंगही लागत नाही. लागतं ते वजन. दादाच्या अंगाच्या वजनाच्या निदान 0.8 टक्के लिव्हर त्याला मिळायला हवं. 70 किलोला 560 ग्रॅम. (पोटातलं पाणी वजा करून धर, नाहीतर हिशेब चुकतो.) साधारणपणे उजवा भाग काढतात, तो लिव्हरचा 60-65 टक्के असतो. तुझ्याकडे निदान 30 ते 35 टक्के उरलं पाहिजे. हे सगळं सीटी स्कॅनवर मोजतात. त्यातच रक्तवाहिन्या दिसतात, पित्तनलिकेसाठी एमआरआय करतात. पित्तनलिकेची ठेवण प्रत्येकाची वेगळी असते आणि कधी कधी त्या एकाच कारणावरून डोनर बाद होतो.

तुझी अडचण फॅटी लिव्हरची. त्यामुळे गचाळ लिव्हर दिल्यासारखं होईल आणि तुलाही उरलेल्यावर भागवणं जड जाईल. पण चरबी हटते. रोज तासभर झपाझप चालणं, गोड आणि तळलेलं बंद, वजन पाच-सहा किलो खाली. सहा-आठ आठवड्यांत स्कॅनवर फरक दिसू शकतो. म्हणून आजच सुरू कर, निर्णय नंतर घे.

डोनरचा धोका शून्य नाही. उजवा भाग देणाऱ्यांत दर हजारी दोन ते पाच जण दगावतात, असं जगभरचे आकडे सांगतात. पित्त गळणं, जखमेत हर्निया हे त्याहून बरंच जास्त घडतं. लिव्हरचा आकार दोन-तीन महिन्यांत बराचसा भरून येतो, पण जड उचलायला तेवढे दिवस थांबावं लागतं. आणि वैदेहीला, म्हणजे दादाच्या लेकीला, कोणी ओशाळवू नये. तिला लिव्हर द्यायचं नसेल तर तिने ते डॉक्टरांना एकटीने सांगावं. ते घरी फक्त 'मेडिकली बसत नाही' एवढंच सांगतात. हा आडपडदा मला योग्य वाटतो.

भाऊ कायद्याने जवळचा नातेवाईक, त्यामुळे परवानगी सोपी. तरी दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले, रेशनकार्ड, आधार आणि जुने घरगुती फोटो जमव. नावाच्या स्पेलिंगमधला फरक आधीच प्रतिज्ञापत्राने मिटव, ऐन वेळी त्यावरच घोडं अडतं. सोबतच ब्रेनडेड डोनरच्या यादीतही नाव घाला. तुमची सांगली पुण्याच्या विभागीय अवयव समन्वय केंद्राखाली येते आणि नोंदणी रुग्णालयामार्फतच होते. दोन्ही वाटा एकदम चालू ठेवता येतात.

ऑपरेशन दादाचं आठ ते बारा तास चालतं. जुनं लिव्हर काढून नव्याची आधी रक्त बाहेर नेणारी शीर, मग आतड्यांकडून रक्त आणणारी पोर्टल शीर जोडतात आणि रक्त सोडतात. मग धमनी, सगळ्यात शेवटी पित्तनलिका. धमनी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. ती गुठळीने बंद पडली तर सुरुवातीच्या दिवसांत पुन्हा ट्रान्सप्लांटचीच वेळ येऊ शकते. म्हणून रोज रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी. पित्तनलिका हा जिवंत डोनरच्या ट्रान्सप्लांटचा कच्चा दुवा. महिन्यांनी ती आकसते, खाज आणि कावीळ येते, मग एंडोस्कोपीने स्टेंट घालतात. शरीराने नवं लिव्हर नाकारणं बहुधा पहिल्या तीन महिन्यांत दिसतं आणि बहुतेक वेळा स्टिरॉइडच्या सलाइनने आटोक्यात येतं. इन्फेक्शनची धास्ती जास्त.

पुढे हे नाकारणं रोखणारी टॅक्रोलिमसची गोळी जन्मभर, बारा-बारा तासांनी. तिची रक्तातली लेव्हल तपासायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची. आधी घेतली तर आकडा फसवा येतो. लेव्हल कमी तर नाकारण्याचा धोका, जास्त तर हात थरथरणं, किडनी बिघडणं, साखर वाढणं. दुकानदाराच्या सांगण्यावरून कुठलंही अँटिबायोटिक वा बुरशीचं औषध नको, काहींनी लेव्हल झपाट्याने वर जाते. गणपतीत येणारं पपनस तर घरातच आणू नका. त्याच्या रसानेही लेव्हल वाढते.

खासगीत साधारण वीस ते तीस लाख, गुंतागुंत वेगळी. ट्रस्टच्या रुग्णालयात गरीब व दुर्बल घटकांसाठी राखीव खाटा असतात. समाजसेवा विभागात पहिल्याच भेटीत विचार.

तोवर घरी काय करायचं, तर वहिनींना हे वाचून दाखव. मीठ दिवसाला चहाचा सपाट चमचाभर, सगळ्या स्वयंपाकातलं मिळून. म्हणून पापड, लोणचं, फरसाण बंद. डाळ, अंडी, पनीर कमी करू नका. किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने लागतात. रात्री झोपताना थोडं खाणं द्या, उपाशी रात्रीत स्नायू झिजतात. लॅक्टुलोज (पोट साफ ठेवणारं औषध) इतकं, की दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौचाला होईल. दहा वेळा झालं तर डोस कमी करा, अंगातलं पाणी जाऊन किडनी बसते. रात्री जागणं, सही वाकडी येणं, उगाच चिडणं म्हणजे मेंदूवर परिणाम होऊ लागलाय. पोट दुखून ताप आला किंवा काळं शौच झालं, तर फोनाफोनी न करता थेट इमर्जन्सी.

सोमवारी सेंटरला जाताना सगळ्या जुन्या सोनोग्राफी तारखेप्रमाणे लावून ने. एंडोस्कोपीचा रिपोर्ट तुझ्या पाकिटात नव्हता, तो शोध.

तुझा,
विनायक

ता. क. पाठदुखीला दादा जी डायक्लोफिनॅकची गोळी घेतो, ती आज बंद. तशीच गुळवेलीची बाटलीही. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर लिव्हर बिघडलेल्या सहा पेशंटची नोंद केली आहे. दुखलंच तर पॅरासिटामॉल, दिवसभरात 2 ग्रॅमच्या आत.