फर्गसला आधी डंडॉकला हलव

बेलफास्ट,
रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

तुझ्या कादंबरीची पानं दिवाळीआधीच पोचली आणि मी इतके दिवस गप्प. शिव्या घालत असशील, घाल. पण तुझ्या कॉनरनं साठाव्या पानावर पिस्तूल उचललं तेव्हापासून माझं डोकं फिरलंय, आणि हे इथे सांगायचं कुणाला? घरात विषय काढला तर "कादंबरीच आहे ना ती" म्हणून मोकळे होतात.

तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, बीपीची गोळी चालू. असो.

सुरुवात झकास जमली आहे. चाळिशी उलटलेला बातमीदार कॉनर, १९९३ मध्ये त्याचा भाऊ मारला गेलेला, मारणारा फर्गस आता बिल्डर, गोल्फ खेळतो, शाळांना देणग्या देतो. मी पानं उलटत राहिलो. मग पिस्तूल आलं आणि तुझी आयरिश कादंबरी थेट मॅटिनी शोला जाऊन बसली. सूड स्वतःच्या हातानंच घ्यायचा असतो, हे तुझं तुणतुणं मला पाठ आहे. अण्णांच्या टपरीवर याच वादात तू माझा चहा उलथवला होतास. त्या चहाचे पैसे अजून यायचेत.

पहिलं म्हणजे तुझं कोर्ट. इन्स्पेक्टर फर्गसला म्हणतो, "मरेपर्यंत सडशील." नाही सडणार. इथला हिंसाचार थांबवणाऱ्या १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर कायदा झाला: त्या तारखेआधीच्या दहशतवादी गुन्ह्यात शिक्षा झाली आणि तुमची संघटना युद्धबंदी पाळत असली, तर दोन वर्षांत बाहेर. कागदावर जन्मठेप, प्रत्यक्षात दोन वर्षं. अरे, कॉनरला सूड का हवा याचं याहून चांगलं कारण तू शोधूनही सापडणार नाही, आणि नेमकं तेच कादंबरीत नाही!

दुसरं, बेलफास्टच्या रस्त्यावर गार्डा आणू नकोस. गार्डा म्हणजे दक्षिणेचे, आयर्लंड प्रजासत्ताकाचे पोलीस. इथे उत्तर आयर्लंडचे पोलीस, त्यांचं नाव पीएसएनआय, आणि ४ नोव्हेंबर २००१ च्या आधी आरयूसी. इथल्या पोलिसाच्या कमरेला पिस्तूल असतं. तिकडचा वर्दीतला गार्डा साधारणपणे बिनहत्यारी. इकडचं न्यूरी मागे टाकून दक्षिणेतल्या डंडॉककडे निघालं की पाट्यांवर मैलांचे किलोमीटर होतात, सरहद्दीची खूण म्हणजे एवढीच. चौकी नाही, बॅरिकेड नाही. पण त्या पाटीपाशी पोलीस बदलतात, कायदा बदलतो, खिशातलं चलन बदलतं. ही पाटी तुला पुढे लागणार आहे.

तिसरं जरा कडक सांगतो. दुसऱ्या प्रकरणात सिग्नलला थांबलेल्या गाडीवर मोटरसायकलवरून गोळ्या, आणि लगेच कॉनरचा विनोद. काढून टाक. २६ जून १९९६ ला डब्लिनबाहेर नास रोडच्या लाल सिग्नलला व्हेरॉनिका गेरिन या बातमीदार बाईला अशाच गोळ्या मारल्या. तिकडे हा सिग्नल माहीत नाही असा वाचक नाही. बेटमनच्या 'डिव्होर्सिंग जॅक' या कादंबरीला तू पांचट म्हणाला होतास, तरी एक गोष्ट त्याच्याकडून घे. तो स्वतः बँगरच्या साप्ताहिकात बातमीदार होता. त्याचा नायक स्टार्की घाबरला की त्याच्या जिभेला हाड राहत नाही. हसू येतं ते सांगणाऱ्याच्या फजितीचं. मढ्यावर हसायला लावशील तर वाचक पुस्तक मिटेल, आणि मीही.

विनोद हवाच असेल तर एक फुकट देतो. ऑक्टोबर १९८८ ते सप्टेंबर १९९४ ब्रिटिश टीव्हीवर शिन फेन या आयआरएशी जोडलेल्या पक्षाच्या पुढाऱ्यांचा आवाज ऐकवायला बंदी होती. चेहरा चालायचा, ओठ हललेले चालायचे, आवाज नाही. मग चॅनेलवाले नटांकडून ते शब्द बोलवून घ्यायचे. फर्गसला तेव्हाचा पक्षाचा पुढारी कर आणि त्याचा आवाज काढणारा एक बेकार नट तयार कर. तो नट आता म्हातारा, आणि पबमध्ये फर्गसपेक्षा सरस फर्गस बोलतो.

आता मूळ दुखणं. कॉनर बातमीदार आहे, त्याचं हत्यार छापील ओळ. मग त्यानं आजवर छापलं का नाही? तुझ्याकडे उत्तर आहे "मालक भ्याला." आळशी उत्तर. खरं उत्तर अब्रूनुकसानीचा कायदा. तुझी गोष्ट २०१२ ची, म्हणजे दक्षिणेत २००९ चा कायदा लागू. बातमी आधी पेपरच्या वकिलाकडे जाते. तो दोनच गोष्टी विचारतो: कागद आहे का, आणि कोर्टात उभा राहील असा माणूस आहे का? कारण बातमी खरी असल्याचं सिद्ध करायची जबाबदारी छापणाऱ्यावर. ती खोटी आहे हे फर्गसनं सिद्ध करायचं नसतं. दाव्याला मुदत एक वर्ष, कोर्टाला वाटलं तर दोन. २०१२ मध्ये सर्किट कोर्टात ५० हजार युरोंपर्यंत, त्यावरचं हायकोर्टात, ज्युरीपुढे. ज्युरीचं काय सांगू? २०१० मध्ये तिथल्या ज्युरीनं एका खाणकंपनीच्या संचालकाला १ कोटी युरो दिले. गृहस्थ झोपेत चालत, अंगावर चिंधी नसताना, सहकारी बाईंच्या दाराशी गेले होते आणि कंपनीनं त्यावर पत्रक काढलं. पुढे अपिलात रक्कम पार खाली आली, पण कुठल्याही संपादकाची झोप उडायला पहिला आकडा पुरे. म्हणून तर तिकडचे पेपर गुंडांना टोपणनावांनी छापत: 'जनरल', 'मंक'. 'जनरल' मार्टिन काहिलला ऑगस्ट १९९४ मध्ये गोळ्या घातल्या, मग कुठे हात मोकळे झाले. मेलेल्या माणसाची बदनामी होत नाही, निदान कायद्यानं.

बाळ्या, इथे थांब आणि पुन्हा वाच. फर्गस मेल्याशिवाय कॉनरला छापता येत नाही. पण फर्गस मेला तर तो वाचणार कसा? जो वाचायलाच नाही त्याच्यावर कसला सूड? ही तुझी कादंबरी. पिस्तुलाची गरजच काय?

फर्गसला कॅन्सर दे. कॉनरला पेपरात मृत्युलेखांच्या टेबलावर बसव; मोठ्या माणसांचे मृत्युलेख आधीच लिहून ठेवतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. फर्गस पक्का मिरवणारा. त्याला कळतं की आपला लेख तयार आहे, आणि तो निरोप धाडतो: येऊन वाचून दाखव. आता ती पाटी ओलांडून त्याला डंडॉकच्या घरात झोपव, म्हणजे २००९ चा कायदा लागेल. बदनामी व्हायला मजकूर तिसऱ्याच्या कानावर जावा लागतो. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला एकट्याला दाखवलं तर दावा उभाच राहत नाही. शिवाय कलम ६ म्हणतं, तिसऱ्यानं ऐकावं असा हेतू नव्हता आणि तो ऐकेल असा अंदाज येण्यासारखा नव्हता, तरीही सुटका.

पण अंदाज येण्यासारखा असला तर? केरळची नर्स ठरल्या वेळी इंजेक्शन द्यायला येते, वेळापत्रक दाराला चिकटवलेलं, आणि कॉनरनं ते वाचलेलं. त्यात फर्गसला ऐकू कमी येतं. "मोठ्यानं वाच रे!" कॉनर कुजबुजतोय, म्हातारा ओरडतोय, घड्याळ पुढे सरकतंय. परिच्छेद १९९३ पाशी येतो आणि फर्गस चिडतो: "मंगळवार नाही, बुधवार होता. आणि गाडी निळी नव्हती." कॉनरचा हात सवयीनं समासात दुरुस्ती करतो, आपण प्रूफावर करायचो तशी, आणि मग त्याच्या लक्षात येतं की हा कबुलीजबाब आहे. मागे नर्स ट्रे घेऊन उभी. जिच्या कानामुळे बदनामीचा दावा उभा राहतो, तीच आता सत्याची एकमेव साक्षीदार. ती बोलेल का, याच्यावर पुढची शंभर पानं सहज निघतील.

शेवटी फर्गसचं घर दाखव. तिकडे शव घरी आणतात, पेटी उघडी, स्थानिक रेडिओवर नाव वाचतात, अख्खं गाव रांगेनं येतं. कॉनरलाही रांगेत उभा कर. "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणत घरच्या एकेकाचा हात हातात घ्यायचा, मग बशीत हॅम सँडविच येतं आणि नको म्हणायची सोय नसते. हा प्रसंग घाईत उरकू नकोस.

मालवणजवळच्या वराडच्या वराडकरांचा नातू लिओ दोनदा आयर्लंडचा पंतप्रधान होऊन गेला, पण त्याला पुस्तकात घुसडायचा मोह आवर. तुला मालवणी पाहुणे कुठेही घुसवायची खोड आहे.

बाकी, चिंगीचं ठरलं हे कळलं, फार बरं वाटलं. मुलाकडचे हॉलचा खर्च अर्धा उचलणार का, हे मात्र आत्ताच स्पष्ट विचार, नंतर लाजशील. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? गच्चीचं गळणं पावसाआधी बघ. शिऱ्या भेटला तर सांग, त्याचं पुस्तक माझ्याकडेच आहे आणि राहणार आहे.

नववं प्रकरण नव्यानं लिहिलंस की लगेच धाड, पूर्ण व्हायची वाट बघू नकोस.

तुझा,
नान्या

ता. क. बेलफास्टच्या पबात कॉनर बिअरचे पैसे युरोत देतो. पौंड कर. आणि नर्सचं नाव तूच ठेव, पण कृपा करून तिला रडकी करू नकोस.