पिस्तूल घरी ठेवून ये

क्लीव्हलँड, ओहायो
दि. १४ जून

प्रिय अनिरुद्ध,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. तू न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआहून इकडे ओहायोत कॅम्प पेरीच्या नेमबाजी स्पर्धेला येणार, आणि तेही स्वतःची गॅरंड रायफल घेऊन, हे वाचून मला किती आनंद झाला ते तुला वेगळे सांगायला नको. एनसीसीच्या शिबिरात ओल्या मातीवर पालथे पडून आपण पॉइंट टू-टूच्या पाच-पाच गोळ्या मोजून झाडल्या होत्या, आणि तू सहावी मागितलीस म्हणून उस्तादांनी तुला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या होत्या. तोच तू आता, नागरिकत्वाची शपथ घेतल्यावर वर्षभराच्या आत, सीएमपीकडून, म्हणजे नागरिकांसाठीच्या नेमबाजी संस्थेकडून, गॅरंड विकत घेऊन १९०७ सालापासून राष्ट्रीय सामने जिथे भरतात त्या मैदानावर उतरणार आहेस. मी तुझ्या शेजारच्या फायरिंग पॉइंटवर असेन की मागे बाकावर बसलेला असेन ते माहीत नाही, पण त्या दिवशी मी तिथे असणार हे नक्की.

मात्र तुझा प्रवासाचा बेत वाचून मला काळजी वाटली. मॅसॅच्युसेट्समधून इंटरस्टेट ९० धरायचा, ज्या कारखान्यात गॅरंड जन्मली त्या स्प्रिंगफील्डच्या आर्मरीचे संग्रहालय पाहायचे, रात्री न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोला मुक्काम करायचा, सकाळी मुलांना नायगारा दाखवायचा, जमल्यास पुलावरून पलीकडे कॅनडात जाऊन यायचे, आणि हॉटेलात सोबतीला असावे म्हणून नवे पिस्तूलही गाडीत ठेवायचे, असे तू लिहिले आहेस. अनिरुद्ध, यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट मी तुला बदलायला सांगणार आहे, आणि पिस्तुलाबद्दल तर मी हट्टच धरणार आहे.

तू न्यू हॅम्पशायरमध्ये राहतोस, म्हणून शस्त्राच्या बाबतीत तुला मोकळेपणाची सवय झाली आहे. तिथे पिस्तूल जवळ ठेवायला किंवा बाळगून हिंडायलाही परवाना लागत नाही. आपल्याकडे तुझ्या मामांच्या बारा बोअरच्या बंदुकीसाठी पीक संरक्षणाचा परवाना होता, त्यावर तो कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे हे स्पष्ट लिहिलेले असायचे, आणि निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागायची. त्या पद्धतीचा जाच होता, पण निदान आपण कुठपर्यंत जाऊ शकतो हे कागद पाहून कळत असे. इथे तुझ्याजवळ असा कागदच नाही. राज्याची हद्द ओलांडताना रस्त्यावर एक हिरवी पाटी लागते, तिच्यावर गव्हर्नरचे नाव असते, आणि त्या पाटीपलीकडे तीच वस्तू गुन्हा ठरू शकते.

या अडचणीसाठी केंद्राने १९८६ साली फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन ॲक्ट केला. तुझ्या कामाचे आहे ते त्यातून आलेले कलम ९२६-ए. त्याचा अर्थ असा, की जिथून तू निघतोस तिथे ते शस्त्र बाळगणे आणि सोबत नेणे तुला कायदेशीर असेल, जिथे पोहोचणार आहेस तिथेही ते कायदेशीर असेल, आणि वाटेत शस्त्रात गोळी नसून शस्त्र व काडतुसे दोन्ही प्रवाशांच्या हाताशी नसतील, तर मधल्या राज्याचा कायदा काहीही असला तरी तुला तिथून जाता येते. ज्या गाडीला स्वतंत्र डिकी नाही त्या गाडीत हे सगळे कुलूपबंद पेटीत असले पाहिजे, आणि डॅशबोर्डचा कप्पा किंवा दोन सीटांमधला कप्पा ही पेटी म्हणून चालत नाही. तुझी गाडी एसयूव्ही आहे, तिची सामानाची जागा मागच्या सीटला लागूनच आहे, म्हणून हा पेटीचा नियम तुला अक्षरशः लागू आहे.

आता या कलमात काय नाही ते पाहा, कारण लोक तिथेच फसतात. ते ‘जाणाऱ्या’ माणसाचे रक्षण करते, राहणाऱ्याचे नाही. पेट्रोल भरणे, जेवणे, स्वच्छतागृहाला थांबणे याला सहसा कोणी हरकत घेत नाही. पण पेटी उचलून हॉटेलच्या खोलीत नेली की तू अजून प्रवासात आहेस की मुक्कामाला, हा वाद सुरू होतो, आणि शस्त्र हाताशी आले हे तर उघडच असते. यूटामधल्या एका गृहस्थांचे २००५ साली नेमके असे झाले. ते विमानाने पेनसिल्व्हेनियाला निघाले होते, न्यू जर्सीतल्या नेवार्कला पुढचे विमान चुकले, सामान ताब्यात घेऊन त्यांना रात्र हॉटेलात काढावी लागली, आणि सकाळी विमानतळावर पिस्तूल नियमाप्रमाणे जाहीर केल्यावर त्यांना अटक झाली. पुढे आरोप मागे घेतले गेले, पण भरपाईसाठी त्यांनी लावलेला दावा २०१० साली तिसऱ्या सर्किटच्या, म्हणजे केंद्रीय न्यायालयांच्या तिसऱ्या विभागाच्या, अपील न्यायालयाने फेटाळला, कारण त्या रात्री पेटी त्यांच्या हाताशी होती. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या खटल्यांत दुसऱ्या सर्किटनेही ठरवले, की या कलमाच्या आधारे प्रवाशाला पोलिसांकडून भरपाई मागता येत नाही. म्हणजे हे कलम तुला अटकेपासून वाचवेलच असे नाही. ते तुला न्यायालयात बचाव म्हणून मांडावे लागेल, तोपर्यंत तू कोठडीत आणि वहिनी मुलांना घेऊन परक्या गावात. मला हे मनापासून अन्यायाचे वाटते. प्रत्येक राज्याने स्वतःचे नियम कडक ठेवावेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण सरळ मार्गाने जाणाऱ्या माणसाला दिलेले संरक्षण त्याला आधी मिळाले पाहिजे, खटला उभा राहिल्यावर नव्हे.

न्यूयॉर्कच्या दंडसंहितेतली एक व्याख्या तुला मुद्दाम सांगतो. पिस्तूल रिकामे असले, पण ते चालवता येईल अशी काडतुसे त्याच वेळी तुझ्याजवळ असली, तर कायद्याच्या भाषेत ते ‘भरलेले’ पिस्तूल ठरते. परवान्याशिवाय भरलेले पिस्तूल घराबाहेर बाळगणे हा तिथे हिंसक गुन्ह्यांच्या वर्गातला गुन्हा असून त्याची किमान शिक्षा साडेतीन वर्षांची आहे. नॅशुआत तू जी वस्तू कपाटात ठेवून विसरून जातोस तिची ही किंमत आहे. न्यू जर्सीतही असेच आहे. फिलाडेल्फियातल्या एका आईने २०१३ साली पेनसिल्व्हेनियाचा परवाना तिथे चालतो असे समजून, गाडी अडवल्यावर आपणहून पोलिसाला पिस्तुलाचे सांगितले, आणि तिला तुरुंगवासाच्या भीतीत वर्ष काढावे लागले; शेवटी २०१५ साली गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी तिला माफी दिली. तिचा हेतू वाईट नव्हता, तुझाही नाही.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. न्यू हॅम्पशायरमधले मँचेस्टर सोडून इकडे यायला निघालो त्या वेळी माझ्या गाडीत रायफल होती आणि पिस्तूलही होते. न्यूयॉर्क राज्यात यूटिकाच्या अलीकडे गाडीचा अल्टरनेटर गेला. दिवे मंदावत गेले, मग स्टिअरिंग जड झाले, आणि मी कशीबशी गाडी कडेला घेतली. टो करणाऱ्याने ती एका गॅरेजच्या अंगणात आणून सोडली, आणि मेकॅनिकने सांगितले की पार्ट उद्या सकाळी येईल, समोरच मोटेल आहे, किल्ली ठेवून जा. चांगला माणूस होता तो. मी मात्र त्या अंगणात उभा राहून डिकीकडे पाहत होतो. आईने दिलेल्या सोलापुरी चादरीत ती लांब पेटी गुंडाळलेली होती, पण लांब पेटी चादरीतही लांब पेटीच दिसते. ती परक्या गॅरेजात ठेवून जायचे, की उचलून मोटेलच्या खोलीत न्यायची? दोन्ही वाटा मला कलमाच्या बाहेर नेणाऱ्या होत्या. दीड तास फोन केले, तेव्हा सामान वाहण्याचा एक लहान ट्रक भाड्याने मिळाला, तो माणूस दुकान बंद करतच होता. मी दोन्ही पेट्या मागच्या बंद भागात ठेवल्या, बाहेरून कुलूप लावले, आणि पेनसिल्व्हेनियातल्या एरीला पोहोचलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. गाडीसाठी दोन दिवसांनी बसने परत गेलो. ते साडेचार तास मी वेगमर्यादेच्या खाली गाडी चालवली, आणि मागे पोलिसाची गाडी दिसली की माझे हात स्टिअरिंगवर ओले होत. पेनसिल्व्हेनियातही परवान्याशिवाय पिस्तूल गाडीतून नेण्यावर निर्बंध आहेत, हे मी नंतर नीट वाचले.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. गॅरंड सामन्यात पिस्तुलाचे काम नाही, ते नॅशुआला तिजोरीत ठेवून ये. ते नसले की धोक्याचा मोठा भाग संपतो, कारण गॅरंड ही लांब रायफल आहे, तिला सुटे मॅगझिन नाही, तिच्या क्लिपमध्ये आठच गोळ्या बसतात, आणि न्यूयॉर्क शहराबाहेर तशी रायफल जवळ असायला परवाना लागत नाही. तुझ्या क्लबातले मित्र एआर-१५ रायफली घेऊन निघणार असतील तर त्यांना सांग, की न्यूयॉर्कमध्ये दहाहून अधिक गोळ्यांच्या मॅगझिनला बंदी आहे, आणि ९२६-ए मध्ये शस्त्राचा व काडतुसांचा उल्लेख आहे, मॅगझिनचा नाही.

रायफल एकटी असली तरी बफेलोला मुक्काम करू नकोस, आणि नायगारा या फेरीत नको. घराबाहेर पिस्तूल बाळगण्याचा हक्क मान्य करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रूएन निकालानंतर न्यूयॉर्कने त्याच वर्षी नवा कायदा करून सार्वजनिक उद्यानांसारखी ठिकाणे संवेदनशील ठरवली, तिथे रायफल असणेही गुन्हा आहे, आणि धबधबा आहे तो उद्यानातच. गाडी सोडून जाताना शस्त्र नजरेआड, योग्य कुलूपबंद पेटीत असलेच पाहिजे, हाही तिथला नियम आहे. कॅनडाचा पूल तर मनातूनही काढून टाक. ती आंतरराष्ट्रीय सीमा आहे, तिथे अमेरिकेचे कोणतेच कलम चालत नाही. बफेलोच्या आसपास नकाशाने पश्चिमेकडे जायला ऑन्टारिओतून रस्ता सुचवला तर तो डोळे झाकून स्वीकारू नकोस. मुलांना नायगारा दाखवायला ऑक्टोबरात या, मी स्वतः तुम्हा सर्वांना घेऊन जाईन. स्प्रिंगफील्डच्या संग्रहालयाचेही तेच. ती आता राष्ट्रीय उद्यान सेवेची, म्हणजे केंद्राची इमारत आहे, आणि मॅसॅच्युसेट्सने २०२४ साली आपला कायदा आणखी कडक केला आहे. रायफलला तिच्या जन्मगावी न्यावे ही तुझी भावना मला कळते, पण तिथे रिकाम्या हातांनी जा.

रस्ता असा धर. पहाटे पाचला निघ, कीनवरून ब्रॅटलबरोला ये, आणि व्हरमाँटचा रूट ९ पकडून डोंगरातून बेनिंग्टनला उतर. वळणे बरीच आहेत, पण मॅसॅच्युसेट्स पूर्ण टळते आणि झाडी इतकी सुंदर आहे की वहिनी तक्रार करणार नाहीत. बेनिंग्टनला टाकी भरून घे आणि तिथेच मुलांना पोटभर खाऊ घाल. पुढे ऑल्बनीपासून पेनसिल्व्हेनियाच्या सीमेवरच्या रिप्लीपर्यंत थ्रूवे या टोल महामार्गावरचे सुमारे ३५० मैल न्यूयॉर्कचे आहेत. तेवढ्यात रस्त्यालगतच्या सर्व्हिस एरियात पेट्रोल आणि पाय मोकळे करणे, एवढेच थांबे घे. दुपारी चार-पाचपर्यंत एरी येईल. तिथे निवांत झोप, सरोवरावर मुलांना फिरव, आणि दुसऱ्या दिवशी तीन तासांत कॅम्प पेरी.

पेटी कडक कवचाची घे, दोन कुलपांची. काडतुसे वेगळ्या कुलूपबंद पेटीत ठेव. कायदा वेगळी पेटी मागत नाही, पण कोणी उघडून पाहिलेच तर दोन पेट्या स्वतः बोलतात. भरलेली एकही क्लिप रायफलच्या पेटीत राहू देऊ नकोस. निघण्याआधी बोल्ट मागे ओढून चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या पोकळीत, करंगळी घालून पाहा, केवळ डोळ्यांवर विसंबू नकोस, आणि अंगठा सांभाळ, तो बोल्ट कोणाची गय करत नाही. स्पर्धेच्या नोंदणीची छापील प्रत आणि कलमाचा मजकूर कागदावर जवळ ठेव, कारण तू कुठे आणि कशासाठी चालला आहेस हे तुला दाखवता आले पाहिजे. पोलिसाने थांबवले तर हात स्टिअरिंगवर ठेव, विचारले तर खरे सांग, आणि झडतीला संमती मागितली तर नम्रपणे नाही म्हण.

आणखी एक, आणि हे पिस्तुलाइतकेच महत्त्वाचे. तुझा भाचा चिन्मय सोबत येणार आहे असे लिहिलेस. तो विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर आहे. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला शस्त्र किंवा एक काडतूसही जवळ बाळगण्यास केंद्राच्या कायद्याने मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते त्याच्याजवळ नाहीत. ‘जवळ’ याचा अर्थ हातात एवढाच होत नाही, ताब्यात असाही होतो. तो मागे बसून आला तर उत्तम, पण पेट्यांच्या किल्ल्या त्याच्या खिशात नकोत, आणि तुम्ही सगळे जेवायला गेला असताना त्याला गाडीजवळ राखणीला बसवू नकोस. त्याच्या शिक्षणाचा आणि या देशात राहण्याचा प्रश्न आहे. सामना त्याने प्रेक्षकांतून खुशाल पाहावा.

एरीला पोहोचलात की फोन कर, वेळ कोणतीही असो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीपाद

ता. क. चेंबर रिकामा आहे हे दाखवणारा तो पिवळा झेंडा विसरू नकोस. रायफल पेटीतून काढल्यापासून तो चेंबरमध्ये हवाच. तुझ्याकडे नसेल तर आणू नकोस, माझ्याकडे दोन आहेत.