रविवारची भटकंती: कानटोपी आणा, बर्फावर पाय नको

मंडळी, येत्या रविवारी सकाळी 10 वाजता स्टॉकहोमजवळच्या टिरेस्ता राष्ट्रीय उद्यानाच्या वाहनतळावर भेटायचं आहे. ऊन बघून फसू नका; स्टॉकहोमच्या एप्रिलमध्ये सावलीत गेलं की पुन्हा जानेवारी. थर्मल, कानटोपी, हातमोजे हवेतच. तळ्यावरचा बर्फ वरून घट्ट दिसला तरी आतून भुसभुशीत झालेला असतो. मुलांना त्यावर पाऊल ठेवू देऊ नका. मागच्या वेळेसारखं दहादा ओरडायला लावू नका!

थालीपीठं, लोणचं घरून. चहाचा थर्मास ज्याचा त्याने. शेकोटी नेमलेल्या जागीच, तीही त्या दिवशी बंदी नसेल तर. वसंतात वाळलेलं गवत चटकन पेटतं, आणि 1999 साली याच जंगलाचा मोठा तुकडा जळाला होता. निळी ब्लोसिप्पा (वसंतातलं छोटं रानफूल) फुललेली दिसली तर फोटो काढा, तोडू नका, ती संरक्षित आहे. घरी परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत गोचीड चिकटलेली नाही ना, ते बघा.

गाडीवाल्यांनो, 15 एप्रिलनंतर रस्त्यावर बर्फ-घसरण नसेल तर हिवाळ्यातले खिळ्यांचे टायर वापरायला परवानगी नाही. टायर बदलायला गॅरेजची वेळ आत्ताच घेऊन ठेवा. गाडीत जागा असेल त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा.