सूचना : नववी-दहावीच्या मुलामुलींचा व्यायाम

सर्व पालकांनी नोंद घ्यावी. सुट्टीवर आलेले आपल्या गावचे फौजी भाऊ सोमवारपासून रोज सकाळी साडेसहाला शाळेच्या मैदानावर नववी-दहावीचा व्यायाम घेणार आहेत. धावणं, जोर-बैठका आणि बीम.

अग्निवीर भरतीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत धावलं की ६० गुण आणि बीमवर १० पुलअप्स काढले की ४०. हे पोरांना तोंडपाठ आहे, त्यामुळे पहिल्याच दिवशी घड्याळ लावून सुटतील. तसं चालणार नाही, असं भाऊंनी आधीच बजावलंय. पहिला आठवडा नुसतं सावकाश पळायचं.

चपलेवर पाठवू नका, बूट हवेत. उपाशीपोटीही नको, एक केळं पुरे. दमा किंवा जुनी दुखापत असेल तर आधी सांगा. मुलींनाही पाठवा, गेल्या खेपेला दोघीच होत्या.